हार्मोनची तांबी बसवल्यावर रक्तस्राव कसा बदलतो: पहिल्या वर्षासाठी मार्गदर्शक

गर्भपिशवीत हार्मोनची तांबी बसवली की रक्तस्राव शेवटी कमी होतो, पण त्याआधी काही महिने त्याचा ताळमेळ बिघडतो. एवढी एक गोष्ट जिला आधी सांगितलेली असते ती हे महिने निभावून नेते. जिला कुणी काही सांगितलेलं नसतं ती तिसऱ्या आठवड्यात घाबरते आणि दुसऱ्या महिन्यात ‘काढूनच टाका’ म्हणत दवाखाना गाठते. आपल्याकडे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर अनेक गावांतून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं तर अख्खा दिवस मोडतो, दोन एसटी बदलाव्या लागतात. त्यामुळे कुठल्या डागांना घाबरायचं नाही आणि कुठल्या रक्तस्रावासाठी रात्री-अपरात्री सुद्धा निघायचं, हे घरी बसून ओळखता यायला हवं. हा लेख त्यासाठीच आहे. मूल नको म्हणून तांबी बसवलेल्या बाईसाठी, आणि पाळीत अंगावर फार जातं म्हणून चाळिशीत बसवून घेतलेल्या बाईसाठीही.

आधी कोणती तांबी आहे ते नक्की करा

गावात ‘तांबी’ म्हटलं की बहुतेक वेळा कॉपर-टी असते. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. ३८०-ए प्रकारची दहा वर्षं चालते, ३७५ प्रकारची पाच वर्षं. तिच्यात तांबं असतं आणि ती बसवल्यावर पहिले काही महिने पाळी बहुधा वाढते, पोटातही जास्त दुखतं. हार्मोनच्या तांबीत तांबं नसतं. इंग्रजी टी अक्षरासारख्या प्लॅस्टिकच्या छोट्या तुकड्यावर औषधाची नळी असते. मिरेना नावाने मिळणाऱ्या तांबीत ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन असतं आणि सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम एवढंच औषध बाहेर पडतं. ही तांबी १९९० साली फिनलंडमध्ये वापरात आली आणि २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे नवा, न पारखलेला प्रयोग तुमच्यावर होत नाही.

हा फरक आधी सांगायचं कारण असं की घरातल्या मोठ्या बायका, शेजारच्या काकू, बचत गटातल्या मैत्रिणी ज्या अनुभवावरून सल्ला देतात तो बहुधा कॉपर-टीचा असतो. ‘माझी पाळी दुप्पट झाली होती’ हे त्यांचं म्हणणं खरंच असतं, पण तुमच्या तांबीचा रस्ता उलटा आहे.

दवाखान्यातून निघताना कार्ड मागून घ्या. त्यावर तांबीचं नाव, बसवल्याची तारीख आणि ती केव्हा बदलायची ते लिहिलेलं असलं पाहिजे. त्याचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात कागद टिकत नाहीत, आणि पाच वर्षांनी मुंबईतल्या एखाद्या दवाखान्यात ‘कुठली बसवली होती?’ असं विचारलं तर उत्तर तयार हवं.

आत नक्की काय घडतं

दर महिन्याला गर्भपिशवीच्या आत एक अस्तर तयार होतं आणि गर्भ राहिला नाही तर ते रक्तासोबत पडून जातं. तीच पाळी. तांबीतलं हार्मोन या अस्तराला जाड होऊ देत नाही. काही महिन्यांत ते इतकं पातळ होतं की पडून जायला फारसं काही उरतच नाही. मात्र जाड अस्तर पातळ होईपर्यंतच्या काळात त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात, कुठेतरी फुटतात आणि थोडं थोडं रक्त झिरपत राहतं. पहिल्या महिन्यांतले डाग येतात ते इथून.

हेच हार्मोन पिशवीच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव घट्ट करतं, त्यामुळे शुक्राणू आत शिरू शकत नाहीत. बीजकोशांचं काम मात्र बहुतेक बायकांत चालूच राहतं. या तांबीने अकाली रजोनिवृत्ती येत नाही. पुढे पाळी थांबली तर हे वाक्य आठवा.

बसवण्याआधी

अजून बसवायची असेल तर तीन गोष्टी सांगते.

पहिली: पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत बसवली तर गर्भनिरोधनाचं काम लगेच सुरू होतं. त्यानंतर कधी बसवली तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचा.

दुसरी: रक्तस्राव आधीपासूनच विचित्र असेल, म्हणजे संबंधानंतर रक्त येतं, दोन पाळ्यांच्या मध्येच येतं किंवा अचानक फार वाढलंय, तर त्याचं कारण शोधल्याशिवाय तांबी बसवून घेऊ नका. सोनोग्राफी, पिशवीच्या तोंडाची तपासणी, आणि पंचेचाळिशीच्या पुढे डॉक्टरांनी सांगितलं तर अस्तराचा तुकडा तपासणं, हे सगळं आधी. एकदा तांबी बसली की डाग तांबीचे की दुखण्याचे हे ओळखणं अवघड जातं. त्याच फेरीत हिमोग्लोबिनही करून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर पंडुरोग आहे, आणि पुढचे काही महिने डाग राहणार हे गृहीत धरून लोहाच्या गोळ्या आत्ताच सुरू केलेल्या बऱ्या.

तिसरी: वेळ निवडता येत असेल तर निवडा. माझं मत विचाराल तर आपल्या भागात शिमगा आटोपल्यावरचा काळ उत्तम. पहिले तीन महिने आंब्याच्या हंगामात आणि लावणीच्या तोंडाशी जातात. दगदग असते, पण गणपतीसारखे मोठे सण नसतात. गणपतीपर्यंत पाच-सहा महिने होतात आणि तोवर बऱ्याच जणींचे डाग आटोक्यात आलेले असतात. जुलैत बसवली तर भाद्रपद बरोबर गोंधळाच्या काळात येतो. अर्थात दिवस राहण्याची भीती आत्ता असेल किंवा रक्त जाऊन जाऊन अंगात त्राणच उरलेलं नसेल तर सण बघत बसू नका.

बाळ अंगावर पीत असताना बसवणार असाल तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा. तांबी पिशवीला भोक पाडून बाहेर जाण्याची शक्यता एरवी हजारात एक-दोन एवढीच असते, स्तनपानाच्या काळात ती वाढते. बसवू नये असा याचा अर्थ नाही. हात सराईत हवा आणि नंतरची तपासणी चुकवू नये, एवढाच.

पहिला आठवडा

बसवल्यानंतर ओटीपोटात पाळीसारखी कळ येते आणि काही दिवस रक्त जातं. त्या दिवशी परत स्कूटर चालवत येऊ नका, सोबत कुणाला तरी न्या. काही जणींना टेबलावरून उठताना चक्कर येते. एक-दोन दिवस संबंध, पाळीचा कप आणि विहिरीत किंवा खाडीत पोहणं टाळा. पॅड वापरा. शेक घेतलात तरी चालतो.

पहिल्या तीन आठवड्यांत जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवायचं. तो क्वचित होतो, पण झालाच तर बहुधा याच काळात. ताप, थंडी वाजणं, घाण वास येणारा स्राव, दिवसेंदिवस वाढत जाणारी ओटीपोटाची वेदना यातलं काही दिसलं तर ‘बसवलंय म्हणून दुखतंय’ असं म्हणून घरी थांबू नका.

नोंद ठेवा, रोजची

या सगळ्या काळात सर्वांत उपयोगी काय असेल तर नोंद. आठवणीवर विसंबलात तर प्रत्येक डाग आधीच्यापेक्षा जास्त वाटतो. तारीख घाला आणि खूण करा: नुसता डाग असेल तर टिंब, पॅड लागलं तर रेघ, पाळीसारखं भरपूर गेलं तर फुली. काहीच नसेल तर जागा कोरी. पोटात दुखलं तर बाजूला ‘दु’ लिहा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर खुणा करायला सोप्या, पण एकत्र कुटुंबात ती दिनदर्शिका दुधाच्या हिशेबासाठी सगळेच बघतात. नको असेल तर छोटी वही किंवा मोबाईल.

तीन महिन्यांनी ही वही डॉक्टरांसमोर ठेवा. ‘सारखं जातंय’ या दोन शब्दांवरून त्यांना काहीच कळत नाही. पहिल्या महिन्यात चार फुल्या आणि पंधरा टिंबं होती, तिसऱ्यात एकही फुली नाही, नऊ टिंबं आहेत, असं दिसलं की उतार त्यांनाही दिसतो आणि तुम्हालाही. बरीचशी भीती तिथेच जाते.

पहिले तीन महिने

हा काळ कठीण. गोड बोलून उपयोग नाही. कधी तपकिरी डाग, कधी गुलाबी, मध्येच चार दिवस लाल, मग दोन दिवस कोरडे, परत डाग. काही जणींना आठवडेच्या आठवडे रोज थोडं थोडं जातं. या तांबीच्या माहितीपत्रकातले आकडे असे आहेत: पहिल्या नव्वद दिवसांत साधारण दोन-तृतीयांश बायकांचा रक्तस्राव अनियमित होतो आणि शंभरातल्या बावीस जणींना तो लांबतो, आठ दिवसांच्या पुढे जातो. वर्ष संपताना अनियमित रक्तस्राव एकोणीस जणींपुरता उरतो आणि लांबलेला फक्त तिघींना. सुरुवातीला तुमची गणती कुठल्याही बाजूला झाली तरी पुढचा उतार बहुतेकींच्या वाट्याला येतो.

दिवस जास्त, पण रक्त कमी, असं गणित असतं. वीस दिवस डाग पडले तरी एकूण रक्त जुन्या पाच दिवसांच्या जोरदार पाळीपेक्षा बरेचदा कमीच भरतं. अंगावर फार जायचं म्हणून तांबी बसवलेल्या बायकांत तीन महिन्यांतच रक्ताचं प्रमाण मोठ्या फरकाने घटलेलं दिसतं, जरी त्यांना स्वतःला ‘रोज काहीतरी आहेच’ असं वाटत असलं तरी.

रोजच्या कामाचं काय? काम करायला काहीच हरकत नाही. वाकून भात लावल्याने, मासळीची पाटी उचलल्याने, विहिरीचं पाणी शेंदल्याने तांबी निसटत नाही. त्रास होतो तो ओलेपणाचा. लावणीत दिवसभर चिखलपाण्यात उभं राहिल्यावर भिजलेलं पॅड मांड्या सोलून काढतं. थोडेच डाग असतील तर मोठ्या पॅडपेक्षा पातळ सुती कापडाची घडी सोयीची, आणि दुपारी जेवायला घरी आलात की बदला. पावसात कापड उन्हात वाळत नाही आणि दमट कापडाने खाज सुटते, बुरशी येते. धुऊन पिळून गरम इस्त्री फिरवा, आतपर्यंत कोरडं झालं याची खात्री करूनच वापरा. घरातल्या पुरुषांच्या नजरेआड म्हणून न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओलं कापड वाळत घालायची सवय मात्र सोडाच.

कप वापरत असाल तर काढताना देठ धरून ओढू नका. आधी बुडाशी दाबून आतली हवेची पकड सोडवा. नाहीतर कपाबरोबर दोरे आणि दोऱ्यांबरोबर तांबी खाली येऊ शकते.

औषधांबद्दल. डाग फार छळत असतील तर डॉक्टर काही दिवसांसाठी मेफेनॅमिक ॲसिड किंवा ट्रानेक्सॅमिक ॲसिड देतात. यांनी तात्पुरता आराम मिळतो, अस्तर पातळ व्हायचा काळ कमी होत नाही. मेफेनॅमिक ॲसिड भरल्या पोटी घ्यायचं. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा दमा असेल तर आधी सांगायचं. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल तर ट्रानेक्सॅमिक ॲसिड घ्यायचं नाही. क्वचित काही डॉक्टर तीन महिन्यांपर्यंत गर्भनिरोधक गोळ्याही देतात, पण उच्च रक्तदाब, अर्धशिशी, पस्तिशीनंतर धूम्रपान किंवा नुकतंच बाळंतपण असेल तर त्या चालत नाहीत. मेडिकलवाल्याला ‘रक्त थांबायची गोळी द्या’ म्हणून यातलं काही आणू नका. रक्त जातंय म्हणून ॲस्पिरिन तर नकोच, त्याने ते वाढतं.

खाण्यात लोह असू द्या. टाकळा, शेवग्याचा पाला, नाचणी, कुळीथ आणि शाकाहाराची अट नसेल तर तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या. आपल्या किनाऱ्यावर लोहाचा इतका चांगला आणि स्वस्त मासळीचा पदार्थ शोधून सापडायचा नाही. सोबत लिंबू किंवा आवळा. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहा ते लोह शरीरात शोषू देत नाही.

छाती दुखणं, थोडे मुरूम, डोकं धरणं हेही सुरुवातीला होतं आणि बहुधा ओसरतं. सोनोग्राफीत बीजकोशावर पाण्याची गाठ दिसली म्हणून घाबरू नका. या तांबीत अशा गाठी होतात आणि बहुतेक दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात. डॉक्टर पुन्हा बघायला बोलावतील तेव्हा जा.

डाग आणि घरातला विटाळ

याबद्दल कुठल्याही माहितीपत्रकात एक ओळ नसते आणि आपल्याकडच्या बायकांना सर्वांत जास्त हेच छळतं. ज्या घरात चार दिवस बाजूला बसायची रीत आहे तिथे वीस दिवस डाग पडणाऱ्या सुनेने करायचं काय? देवघर नाही, स्वयंपाक नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही. कित्येक तांब्या दुखण्यामुळे नाही, तर या एका कारणाने निघतात.

मला स्पष्ट वाटतं ते सांगते. हे डाग म्हणजे पाळी नव्हे. पिशवीतलं अस्तर औषधाने पातळ होताना झिरपणारं रक्त आहे ते. गुडघ्याला खरचटलं तर कुणी बाजूला बसत नाही. पाळीतही बाईला दूर बसवू नये असंच माझं मत आहे, पण ते मत घरात चालत नसेल तरी औषधाचे डाग वेगळे, एवढी बाजू मांडायला जागा असते. सासूबाईंना हे तांबी बसवण्याआधी सांगितलेलं बरं, आणि शक्यतो नवऱ्याने किंवा आशाताईंनी सांगावं. ‘डॉक्टरांनी सांगितलंय, सहा महिने औषधाचे डाग राहतील’ हे वाक्य बऱ्याच घरांत चालून जातं. सगळ्या घरांत चालत नाही, हेही खरं. तसं असेल तर तांबीची निवड करतानाच हा विचार करा. त्यात कमीपणा नाही.

गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायची आपल्याकडे सवय आहे. तांबी असताना त्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. तांबीच्या डागांवर त्या चालतीलच असं नाही, आणि आधीच एक हार्मोन चालू असताना दुसरं किती, कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं. विचारायचं असेल तर नागपंचमीच्या आसपास विचारा. हरतालिकेच्या आदल्या संध्याकाळी दवाखान्यात गर्दीही असते आणि उपायही उरलेला नसतो.

दोरे आणि पहिली फेरतपासणी

बसवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांनी तपासणीला जा, सगळं ठीक वाटत असलं तरी. तांबी आपोआप बाहेर पडण्याची शक्यता साधारण वीस जणींत एक असते आणि ती पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या महिन्यांत जास्त. आधीपासून फार रक्त जाणाऱ्या किंवा पिशवीत गाठी असणाऱ्या बाईत ती आणखी थोडी अधिक.

घरी महिन्यातून एकदा दोरे बघायचे. हात साबणाने धुवा, उकिडवं बसा, मधलं बोट आत घाला. पिशवीचं तोंड गोल, टणकसर लागतं आणि त्यातून दोन बारीक दोरे बाहेर आलेले असतात, गळाच्या तंगुसासारखे. फक्त स्पर्श करा, ओढू नका. दोरे लागले नाहीत, एकदम लांब लागले किंवा कडक प्लॅस्टिक बोटाला टोचलं तर तपासणी होईपर्यंत निरोध वापरा आणि सोनोग्राफी करून घ्या. दोरे लागले नाहीत म्हणजे तांबी हरवलीच असं नसतं. पुष्कळदा ते आत वळून बसलेले असतात. काही बायकांना असं तपासणं अजिबात जमत नाही, नकोसं होतं. त्यांनी जबरदस्ती करू नये, तपासणीच्या तारखा तेवढ्या पाळाव्यात.

डाग कमी होत आलेले असताना एकाएकी जुन्यासारखी जोरदार पाळी आली तर मनात पहिली शंका हीच आणा: तांबी सरकली किंवा पडली तर नाही?

सहा महिन्यांनंतर

तीन ते सहा महिन्यांत वहीतल्या फुल्या जाऊन टिंबं उरतात, मग टिंबंही विरळ होतात. सहा महिन्यांनंतर बहुतेक बायकांना महिन्यातून दोन-चार दिवस हलकी पाळी किंवा नुसते डाग येतात. वर्ष संपेपर्यंत शंभरातल्या सोळा ते वीस जणींची पाळी पूर्ण थांबते.

इथे दुसरी भीती सुरू होते. ‘रगात आत साचून रवता’, मग ते डोक्यात चढतं, गाठी होतात, अंग सुजतं, असं बायका एकमेकींना सांगतात. असं काहीही होत नाही. अस्तरच तयार झालं नाही तर साचणार काय? पाळी ‘उतरवायला’ कच्ची पपई, तीळ, गरम काढे घेण्याची गरज नाही. उलट ज्या बाईचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं आठ-नऊवर अडकलेलं असतं तिचं अंग याच काळात भरून यायला लागतं.

पाळी थांबल्यावर दिवस गेल्याची शंका आली तर मेडिकलमधून लघवीच्या तपासणीची पट्टी आणा आणि मन मोकळं करा. पहिल्या वर्षात हजारात साधारण दोघींनाच या तांबीवर दिवस राहतात. पण राहिलेच तर गर्भ पिशवीत नसून गर्भनळीत असण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पट्टीवर दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि सहा महिने उलटूनही रोज डाग असतील, किंवा मधले काही महिने बरे जाऊन पुन्हा सुरू झाले असतील, तर ‘तांबीचंच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. तांबी जागेवर आहे का, गर्भ आहे का, जंतुसंसर्ग, अस्तरातला मोड (पॉलिप) किंवा पिशवीतली गाठ, थायरॉईड, पिशवीच्या तोंडाची तपासणी, हे सगळं आता बघायला हवं. रत्नागिरी, ओरोस आणि अलिबागच्या सरकारी रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग आहेत. तांबी खाजगीत बसवलेली असली तरी तिथे तपासून घेता येतं.

या रक्तस्रावासाठी वाट बघू नका

तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन तास चाललंय. मोठ्या गाठी पडताहेत. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते. ओटीपोटात एका बाजूला असह्य दुखतंय, किंवा पोटदुखीसोबत खांद्याच्या टोकाला कळ येते. ही खूण नळीतला गर्भ फुटल्याची असू शकते, मग बाहेर रक्त थोडंच दिसत असलं तरी. रक्तासोबत ताप आणि दुर्गंधी. यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. मुसळधार पावसात घाटात दरड आणि खाडीला पूर असतो, म्हणून संध्याकाळी अशी लक्षणं दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका. पहिल्या वाक्यातच सांगा: ‘गर्भपिशवीत हार्मोनची तांबी आहे, अमुक तारखेला बसवली.’

संबंधानंतर दर वेळी रक्त येत असेल तर त्याला अशी घाई नाही, पण त्याच आठवड्यात दाखवा. आणि रजोनिवृत्ती होऊन वर्ष उलटल्यावर परत रक्त दिसलं तर तांबी असो वा नसो, तपासणी व्हायलाच हवी.

काढायची असेल तर

ती तुमची तांबी आहे. कधीही काढून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि त्यासाठी कुणाला कारण पटवून द्यावं लागत नाही. तरीही धोक्याची कुठलीच खूण नसेल, फक्त डागांचा कंटाळा आला असेल, तर सहा महिने पुरे करा असं मी सांगेन. त्यातही चाळिशीतल्या, अंगावर फार जाणाऱ्या बाईला अधिक कळकळीने सांगेन. कारण दुसऱ्या महिन्यात तांबी काढली की तिच्यापुढे बरेचदा पुढचा पर्याय येतो तो पिशवी काढून टाकायचा. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, काही वेळा खरंच लागते, पण पुष्कळ बायकांच्या बाबतीत आणखी तीन-चार महिने डाग सोसल्याने ती टळू शकते. ‘पिशवी काढा’ असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

काढणं बसवण्यापेक्षा सोपं असतं. दोरे चिमट्यात धरून ओढतात, काही क्षण कळ येते, झालं. मूल नको असेल तर काढण्याआधी सात दिवस संबंध टाळा किंवा निरोध वापरा, कारण शुक्राणू आत काही दिवस जिवंत राहतात आणि तांबी निघाल्याबरोबर संरक्षण संपतं. मूल हवं असेल तर लगेच प्रयत्न सुरू करता येतात, शरीरातून औषध जायची वाट बघावी लागत नाही. काढल्यावर काही दिवसांत थोडं रक्त जाऊ शकतं आणि नेहमीची पाळी बहुधा पुढच्या महिना-दीड महिन्यात परत येते. मुदत संपली म्हणून बदलत असाल तर जुनी काढून नवी त्याच वेळी बसवता येते. अशा वेळी सुरुवातीचे डाग पहिल्या खेपेपेक्षा बहुधा कमी असतात, कारण अस्तर आधीच पातळ झालेलं असतं.